लाजाळूभर थांब

बसा ऐसपैस. ज्यांना मधेच उठायची सवय आहे त्यांनी आत्ताच उठून, पाणीबिणी पिऊन या. ही गोष्ट धाकूची आहे, आणि धाकूच्या गोष्टीला घाई सोसत नाही.

फार वर्षांपूर्वी, आता जिथं एसटी वळते तिथं बिबट्या पाणी प्यायला यायचा, तेव्हाची ही हकिकत. कोकणात खाडीच्या वरच्या अंगाला निवळवाडी म्हणून गाव आहे. गावाच्या डोक्यावर सडा आहे, म्हणजे कातळाचं मोठं सपाट रान. उन्हाळ्यात तिथं पाय ठेववत नाही, पण श्रावणात कातळावरच्या मातीत असं काही हिरवं माजतं की गुरं खाली उतरायला तयार नसतात. जागोजागी करवंदीच्या जाळ्या, इतक्या दाट की आत काय आहे ते करवंदीलाच ठाऊक. आणि त्या जाळ्यांच्या पायाशी, वाटेवर, जिकडे बघाल तिकडे लाजाळू.

निवळवाडीची माणसं गुणी, पण बोलायला भारी तरतरीत. एकानं विचारायचं, त्याचं विचारून व्हायच्या आत दुसऱ्यानं उत्तर द्यायचं आणि तिसऱ्यानं दोघांनाही खोडून काढायचं. विहिरीवर, देवळात, कुणाच्याही पडवीत, बोलणं खाली पडू म्हणून द्यायचे नाहीत. अशा गावात धाकू जन्माला आला, हीच देवाची थट्टा म्हणायची.

घरातला धाकटा म्हणून धाकू. नावात धाक होता, पण त्याचा धाक वासरालाही नव्हता. उलट ह्यालाच साऱ्या गावाचा धाक. कुणी नुसतं "काय रे धाकू" म्हटलं तरी ह्याची मान खाली, खांदे आत, बोटं मुठीत. आत शब्द नव्हते असं नाही हो, शब्द भरपूर होते. पण विचारणाऱ्याचा आवाज अंगावर आला की ते आत सरकायचे आणि परत ओठांशी यायला त्यांना वेळ लागायचा. तेवढ्यात विचारणारा वळणापलीकडे गेलेला असायचा. मग धाकू त्याच्या पाठीला उत्तर द्यायचा. गावानं त्याचं नाव लाजाळू ठेवलं, आणि पुढं पुढं तर त्याला काही विचारायचं झालं तरी चालता चालताच विचारायचे, कारण उत्तर येत नाही हे ठरलेलंच होतं.

हा धाकू गावाची गुरं राखायचा. दिवसभर सड्यावर एकटा. तिथं त्याला कुणी काही विचारत नव्हतं, त्यामुळं तो सुखात होता. गुरं चरायला लागली की हा लाजाळूपाशी फतकल मारून बसायचा आणि बघायचा. गुराचा खूर पडला की लाजाळू झटक्यात मिटतं. नुसती फुंकर घातली तर जरा आळसावून मिटतं. पावसाचा टपोरा थेंब पडला तर तेवढीच डहाळी मिटते, बाकीचं झाड काय झालं म्हणून बघत राहतं. आणि दिवस बुडायला लागला की कुणी हात न लावता सगळं रान आपण होऊन मिटून घेतं. एकदा मिटलं की परत उघडायला त्याला किती वेळ द्यावा लागतो, तेही धाकूला पाठ झालं होतं. गोगलगाय शिंगं आत घेते, पैसाकिडा वेटोळं करतो, खाडीकाठचा खेकडा सावली पडताच बिळात जातो. धाकूच्या लेखी हे सगळे त्याचे सोयरेच. त्यांना कुणी मुकं म्हणत नाही, याचं त्याला फार बरं वाटायचं.

आता हाकाऱ्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. श्रावणात नाचणी वर यायला लागली की रानडुकरं सड्यावरून खाली उतरायची आणि एका रात्रीत शेत नांगरून ठेवायची. मग गाव हाकारा करायचं. असतील नसतील तेवढे ढोल, थाळ्या, आरोळ्या. एका बाजूनं गलका करत डुकरं उठवायची आणि दुसऱ्या बाजूला भालेवाल्यांनी दबा धरून बसायचं. उठलेलं डुक्कर समोर कोण आहे ते बघत नाही. म्हणून निवळवाडीत पोराला चालता यायच्या आधी एक गोष्ट शिकवायचे. आई पोराला मांडीवर घेऊन विचारायची, ढोल वाजला की काय करायचं? आणि पोरानं तोंडावर बोट ठेवून, अंग चोरून, गप्प बसून दाखवायचं. मग आईनं पापा घ्यायचा. शहाण्या पोराचं लक्षण ते. ढोल वाजला की असशील तिथं, जाळीत, दगडाआड बसायचं, हलायचं नाही, ओ द्यायची नाही.

त्या श्रावणात एका दुपारी पावसानं उघडीप दिली आणि गावातल्या बाया सड्यावर कुर्डूची भाजी खुडायला गेल्या. त्यात आवडा होती. तिची मंजुळा, नुकती बोलायला लागलेली, पावसासाठी पाठीवर एवढंसं पानांचं इरलं घेऊन तिच्या मागं मागं होती. आवडानं वाकून भाजी खुडली, ओटीत टाकली, वळून बघितलं तर मंजुळा आहे. पुन्हा वाकली, पुन्हा बघितलं, आहे. तिसऱ्यांदा बघितलं तर नाही.

बायांनी हाका मारल्या, जवळच्या जाळ्या धुंडाळल्या. पोर नाही. सड्याच्या एका अंगाला कडा आहे, थेट खाली खाडी. आवडा पहिल्यांदा तिकडं धावली आणि कड्यावरून खाली बघून परत आली, तेव्हा तिच्या ओटीतली सगळी भाजी वाटेवर सांडलेली होती. एक बाई गावात पळाली. आणि गावानं काय केलं म्हणता? गावाला जे येत होतं तेच केलं. हाकारा केला.

हाकाऱ्याचा म्होरक्या होता बाबी गावकर. आवाज असा की त्यानं घरात बायकोला पाणी मागितलं तर शेजारीण तांब्या घेऊन यायची. माणूस मनानं चांगला. त्यानं घटकेत अख्खं गाव सड्यावर चढवलं. हा उंच आवाज, हे ढोल, ह्या थाळ्या. बिबट्या जवळ असेल तर पळून जाईल आणि पोरीला कळेल की माणसं आली, असा त्याचा साधा विचार. माणसं रांग धरून सडा तुडवत निघाली. "मंजे, ओ दे गो" म्हणून घसे बसले. पण ओ येईना. ओ येत नाही म्हणून ढोल आणखी जोरात. ढोल आणखी जोरात म्हणून रानात आणखी शांत. दिवस कलायला लागला.

धाकू गुरं घेऊन सड्याच्या पार टोकाला होता. ढोलाचा पहिला ठोका कानावर आला आणि सवयीनं तो स्वतःच आत मिटला. मान खाली, बोटं मुठीत. ढोलामागून मंजेच्या नावानं हाका आल्या. आणि मिटला म्हणूनच त्याला कळलं. बाकीच्या गावाला ढोल म्हणजे मदत वाटत होती. धाकूला एकदम दिसलं की कुठल्याशा जाळीत एक पोर तोंडावर बोट ठेवून बसलंय, आईनं शिकवलं तसं, आणि गाव जितकं वाजवतंय तितकं ते अंग चोरतंय.

गुरं तिथंच टाकून तो धावत आला. वाटेत भेटेल तो विचारत होता, "धाकू, पोर पाहिलीस का रे?" आणि विचारून पुढं पळत होता. धाकू तोंड उघडायचा, तोवर समोर दुसराच. "धाकू, पोर पाहिलीस का?" पुन्हा शब्द आत. बाबी गावकरानं तर दोन्ही खांदे धरून गदागदा हलवून विचारलं. आता लाजाळूला हलवून ते उघडतं का? धाकूच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं होतं की सगळ्या गावाला हवं असलेलं उत्तर त्याच्याजवळ होतं, आणि ते घ्यायला कुणाला सवड नव्हती.

मग आवडा आली. ती काही विचारायला आली नव्हती. फिरून फिरून तिच्या पायातलं बळ सरलं होतं आणि ती नेमकी धाकूच्या समोर येऊन मटकन खाली बसली. धाकूही बसला. ती बोलली नाही. त्याच्याकडं नुसती बघत राहिली, कारण दुसरीकडं कुठं बघायचं तेच तिला सुचत नव्हतं. एवढंच. पण धाकूसमोर इतका वेळ गप्प बसलेलं ते पहिलं माणूस, असं म्हणतात. हळूहळू त्याच्या मुठी सुटल्या, मान वर आली.

"ढोल थांबव, वहिनी," धाकू म्हणाला. "ढोल ऐकूनच पोर बसलीय."

आवडाला क्षणभर काही कळलं नाही, आणि मग सगळंच कळलं. तिला आपली मांडी आठवली, तो खेळ आठवला, तो पापा आठवला. ती उठली ती सरळ ढोलवाल्याकडं गेली आणि त्याच्या हातातली टिपरी काढून घेतली. मग दुसऱ्याच्या. बाबी गावकर म्हणाला, बाई खुळी झाली, ढोल थांबला तर बिबट्या येईल. आवडानं त्याला सांगितलं की बिबट्याचं मग बघू, पोरीला बसायला मी शिकवलंय, आणि तुम्ही सगळे तिला बसवून ठेवताय. बाबीचं तोंड उघडं राहिलं. निवळवाडीत हे पहिल्यांदाच घडलं.

ढोल थांबले. लगेच सगळे जाळ्यांकडं धावायला निघाले, पण धाकूनं हात आडवा केला. सड्यावर जाळ्या इतक्या की एकेक धुंडाळायची म्हटलं तर रात्र पुरली नसती. आणि सड्यावर जिकडं बघावं तिकडं गावाच्या पायांनी लाजाळू मिटून गेलेलं, सगळं रान मळकट दिसत होतं. ते रान त्याला काही सांगू शकलं असतं, पण गावानं त्याचंही तोंड बंद करून टाकलं होतं.

"जिथं आहात तिथंच बसा," धाकू म्हणाला. "पाय हलवू नका."

बाबी गावकरानं विचारलं, किती वेळ? आणि ह्या वेळी विचारून तो थांबला. धाकूनं उत्तर शोधलं. त्याला घटका माहीत नव्हती, पळं माहीत नव्हती. त्याच्याकडं एकच माप होतं.

"लाजाळूभर," तो म्हणाला.

आता विचार करा. पोर हरवलंय, दिवस बुडायला आलाय, आणि अख्खं गाव हातावर हात ठेवून बसलंय. आवडाला तर वाटत होतं की आपलं काळीज उठून आपल्याआधी धावत सुटेल. तिनं दोन्ही हातांनी गवत धरून ठेवलं होतं, आपण उठू नये म्हणून. धाकू एका उंचशा कातळावर बसला होता आणि त्याला दोन गोष्टींची भीती होती. एक तर सूर्य. तो बुडाला की लाजाळू आपण होऊन मिटणार, मग काही उपयोग नाही. आणि दुसरी खाडीपलीकडून येणारी सर. श्रावणातलीच ती, समोरचा डोंगर पुसत सरळ सड्याकडं निघाली होती. चार थेंब पडले असते तरी सगळं संपलं असतं.

पण म्हणतात ना, त्या दिवशी सर सड्याच्या निम्म्यावर आली आणि थांबली. अलीकडं ऊन, पलीकडं पाऊस, आणि गाव कोरडं. वाराही पडला. खरं-खोटं देव जाणे. माझ्या आजोळचे लोक शपथेवर सांगतात, आणि ते एरवी इतकं खोटं बोलत नाहीत.

मग बाबी गावकराच्या पायाशी एक पान उघडलं. बाबीनं जन्मभर लाजाळू तुडवलं होतं, पण ते उघडताना कधी बघितलं नव्हतं, कारण उघडेपर्यंत तो कुठं थांबलाय? तो लहान पोरासारखा वाकून बघत राहिला. मग दुसरं पान, मग शेजारचं. हळूहळू सगळा सडा उघडत गेला. मळकट रानाचं हिरवं रान झालं. निवळवाडी इतकी गप्प त्याआधी कधी झाली नव्हती, असं म्हणतात.

आणि मग, सगळं उघडं असताना, एका ठिकाणी मिटायला लागलं.

सड्याच्या मधोमध एक थोराड जाळी होती. तिच्या पायाशी एक डहाळी मिटली. मग तिच्या पुढची. ढोल बंद झालेले ऐकून आत कुणीतरी पाय लांब केला असेल, नाहीतर कूस बदलली असेल, आपण एवढंच म्हणू. पण निवळवाडीत विचाराल तर सांगतात की ते मिटणं तिथं थांबलंच नाही. एका पानानं दुसऱ्याच्या कानात सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या, आणि उघड्या हिरव्या रानातून मिटलेल्या पानांची एक बारीक वाट सरळ धाकूच्या अंगठ्यापर्यंत आली. म्हणजे निरोप बरोबर माणसाला पोचला.

धाकू उठला आणि त्या वाटेनं चालत गेला. मागून आवडा. जाळीशी पोचताच ती हाक मारणार, तेवढ्यात धाकूनं तळहात वर केला. दोघं जाळीबाहेर बसली. आत, करवंदीच्या काट्यांमध्ये, एवढंसं इरलं दिसत होतं आणि इरल्याखाली तोंडावर ठेवलेलं बोट. पोरगी ढोल थांबल्यावरही हलत नव्हती. हलेल कशी? ढोल वाजला की काय करायचं ते सगळ्या आयांनी शिकवलं होतं. ढोल थांबला की काय करायचं, ते कुणी शिकवलंच नव्हतं.

आवडानं आवाज अगदी खाली आणला.

"ढोल घरी गेला, मंजे."

आतून बराच वेळ काही आलं नाही. आवडा थांबली. मग बोट तोंडावरून निघालं.

"दुक्कल पन गेलं?"

"ते पण गेलं."

तेव्हा ती पोर रांगत बाहेर आली. अंगभर ओरखडे, गुडघ्याला रक्त, आणि तोंडावर असा रुबाब की बघा मी किती शहाण्यासारखी बसले. तिनं गाल पुढं केला. तिला पापा हवा होता, ठरल्याप्रमाणं. आवडानं पापे किती घेतले ते कुणी मोजलं नाही. ती हसत होती आणि रडत होती, आणि बाबी गावकर तर आवाज न करता रडत होता, जे त्याला जमतं हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. मग थांबलेली सर मोकळी झाली आणि सगळं गाव चिंब भिजत घरी आलं. गुरं मात्र सड्यावरच राहिली होती. ती आणायला त्या दिवशी धाकूबरोबर निम्मं गाव गेलं.

पुढचं सगळं गोड आहे. गाव धाकूला विचारून थांबायला लागलं. आधी आधी अवघड गेलं. बाबी गावकर प्रश्न विचारून दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून उभा राहायचा, म्हणजे तोंड आपोआप सुरू होऊ नये. पण थांबल्यावर उत्तरं यायला लागली. कुठली गाय दोन दिवसांत विणार, कुठल्या झऱ्याचं पाणी आटत चाललंय, कुणाच्या सुनेला माहेरची आठवण येतेय, सगळं धाकूनं बघून ठेवलेलं होतं. म्हातारपणी तर तो इतका उघडला की मंजुळा, जिला तोवर नातवंडं झाली होती, त्याला म्हणायची, काका, आता जरा मिटा.

धाकू गेला तो भर दुपारी, उन्हात, कातळाला टेकून बसल्या बसल्या. त्या वेळी सड्यावरचं सगळं लाजाळू कुणी हात न लावता मिटलं, असं म्हणतात. लोकांनी त्याला तिथंच, थोराड जाळीपाशी माती दिली आणि उशाशी एक दगड लावला. मग सगळे गप्प बसून राहिले. लाजाळू उघडल्यावरच गाव खाली उतरलं.

आजही निवळवाडीत गेलात तर कानावर पडेल. पोर जेवायला घाई करतंय, आई म्हणते, लाजाळूभर थांब. दोघं भाऊ बांधावरून भांडायला उठले, मधला माणूस म्हणतो, लाजाळूभर बसा रे. मुलगी बघायला पाहुणे येतात, तिला काही विचारतात, आणि विचारून लाजाळूभर गप्प राहतात. नव्या सोयऱ्यांना आधी वाटतं पाहुणचारात काही चुकलं. पोरांना मांडीवर घेऊन खेळ अजून शिकवतात, पण आता त्याचे दोन भाग आहेत. ढोल वाजला की काय करायचं? गप्प बसायचं. ढोल थांबला की काय करायचं? आईकडं यायचं. पापा दुसऱ्या उत्तराला मिळतो.

आणि दर श्रावणात उघडीप बघून सगळं गाव सड्यावर चढतं. वाजतगाजत जातं, चांगलं लाजाळू तुडवत जातं. थोराड जाळीपाशी पोचलं की ढोल खाली ठेवतात. नारळ नाही, आरती नाही. गावात जो सगळ्यात मोठ्या आवाजाचा असेल त्याचा मान. तो दगडापुढं येतो आणि जमेल तितक्या हलक्या आवाजात विचारतो, "धाकू, पोर पाहिलीस का रे?"

एवढं विचारून तो खाली बसतो, आणि त्याच्यामागं सगळं गाव बसतं. कुणी उठत नाही. लाजाळू उघडेपर्यंत सगळे धाकूच्या उत्तराची वाट बघतात.